पाणी डोंगरात शिरलं

जबलपूरच्या माणसाला पाण्याची ओढ शिकवू नये, असं मी गाडी सुटायच्या आधीच रेणुकाला ऐकवलं. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून नर्मदा कशी जाते, ते मी जन्मापासून पाहून राहिलो. रेणुका माझी मुलगी. समुद्राच्या प्रवाहांवर संशोधन करते. ती हसली. "बाबा, नर्मदाजी एकाच बाजूला वाहते. अंदमान में पानी दिन में चार बार दिशा बदलता है." झालं. एकसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिलेला मी, हावड्यापर्यंत धड झोपलो नाही.

मी उगाच चाललो नव्हतो. अंदमानातल्या दोन बेटांमधल्या खिंडीत तिला तळाशी एक यंत्र ठेवायचं होतं. पाणी किती वेगानं आणि कोणत्या दिशेला जातं, ते हे यंत्र नोंदवतं. अमावास्या ते पौर्णिमा असे पंधरा दिवस, म्हणजे भरतीचे लहानमोठे सगळे प्रकार त्यात सापडतात. तिचं वर्षभराचं काम त्यावरच टांगलेलं. यंत्राची स्टेनलेस स्टीलची चौकट मी केली होती. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं काढली, आधी फिटर, मग तपासनीस. जबलपुरात, महाराजपूरच्या घरामागं अजून वेल्डिंग मशीन आहे.

रेणुकाच्या ड्रॉइंगमध्ये वजनासाठी शिसं लिहिलं होतं. शिसं म्हणजे नरम माल, दगडावर आपटलं की दबणार. मी तिला न विचारता दोन जाड लोखंडी पट्ट्या बोल्टानं कसल्या आणि वरून राखाडी रंग मारला. काम मजबूत करायला परवानगी कोण मागतो, अशी आमची तऱ्हा.

हावड्याहून पुढं कोलकात्यातून विमान. ते खाली यायला लागलं आणि मी शेजारच्या अनोळखी बाईंना कोपर मारून खिडकी दाखवली. काठाशी हिरवं, पुढं मोरपंखी, मग एकदम गडद निळं पाणी. "पहली बार?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

बोटीनं बेटावर पोहोचलो. तिथं अँथनी भेटला, डुंगीवाला (डुंगी म्हणजे इंजिन लावलेली लाकडी होडी). त्याचे आजोबा रांचीकडून जंगल तोडायला आले आणि इथलेच झाले. बेटांवर सगळे हिंदी बोलतात, त्यामुळं मी पाच मिनिटांत त्याचा चाचा झालो. खिंडीत शिरताच पाणी चहासारखं उकळायला लागलं. इंजिन पूर्ण जोरात, आणि काठावरचं झाड जागचं हलेना. "चाचा, अभी पानी का टाइम है, हमारा नहीं," अँथनी म्हणाला. माझे सकाळचे पोहे समुद्राला अर्पण झाले, पण मी हसतच होतो. असं पाणी मी पाहिलं नव्हतं.

चौकट तळाशी गेली. मग रोज आम्ही एक नळकांडं दोरीनं खाली सोडायचो. ते उतरता उतरता पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजतं. वरचं पाणी कोमट, खाली गार आणि जास्त खारं. दोरी ओढून हाताला फोड आले. संध्याकाळी अँथनीची बायको नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण वाढायची. घरी बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "चलो, वजन वाढवून या."

सोळाव्या दिवशी चौकट वर आली. रेणुकानं अँथनीच्या पडवीत यंत्रातल्या नोंदी कॉम्प्युटरवर उघडल्या. "बाबा, वेग ठीक आहे. पण दिशा बघा. पाणी खिंडीतून नाही, पहाड में घुस रहा है." ती अँथनीला विचारायला किनाऱ्याकडं गेली, की खिंडीत कुठं आडवी धार असते का.

मला विचारायची गरज नव्हती. दिशा कळायला यंत्रात होकायंत्र असतं, आणि लोखंडाजवळ होकायंत्र भरकटतं; चौकटीचं स्टेनलेस स्टील चुंबक धरत नाही, माझ्या पट्ट्या धरतात. तिनं ते तपासलं होतं, पण चौकटीत बसवायच्या आधी. बाबांची चौकट म्हणजे बरोबरच, असं धरून.

खरं सांगतो, मी पाना उचलला. पट्ट्या काढून समुद्रात टाकल्या असत्या तर कोणाला कळणार होतं? एक बोल्ट सैलही केला. आणि हात थांबला. कारखान्यात नियम होता: नापास कामाला बनवणाऱ्यानं हात लावायचा नाही, आधी तपासनिसानं पाहायचं. त्यावरून मी कित्येकांना झापलं होतं. आता तपासनीस माझी पोरगी होती. भीती वाटत होती, तरी हाक मारली.

"रेणू, शिसं नाही लावलं मी. लोखंड आहे."

ती चौकटीपाशी येऊन वाकली. "काहून केलं असं, बाबा?" एवढंच. चिडली की फाडफाड हिंदी बोलते ती. हे मराठी मला फार लागलं. मग एकदम तिनं विचारलं, "पट्ट्या काढल्या तर नाही?"

"एक बोल्ट ढिला केला. पट्टी जागेवर आहे."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भराभर समजावू लागली. चौकट पंधरा दिवस तळाशी हलली नव्हती, म्हणजे लोखंडानं होकायंत्र सारखंच ओढलं होतं. पट्ट्यांसकट ती जमिनीवर फिरवून पाहिली, तर चूक किती ते कळणार होतं. पट्ट्या गेल्या असत्या तर काहीच कळलं नसतं.

दुसऱ्या सकाळी मोकळ्या वाळूवर प्लायवूडची गोल फळी मांडली. दहा-दहा अंशांच्या खुणा मी आखल्या; ते मात्र मला येतं. अँथनीनं बकलाचा पट्टा काढला, मी किल्ल्या लांब ठेवल्या. चौकट थोडी थोडी फिरवत छत्तीस ठिकाणी थांबलो, आणि दर ठिकाणी होकायंत्र खऱ्या दिशेपासून किती चुकतं ते रेणुकानं लिहून घेतलं. दुपारी तेवढी चूक वजा करून तिनं नवा आलेख काढला. पाणी खिंडीतून सरळ जात होतं, आणि भरती उलटली की सरळ परत. "पानी रास्ते पर आ गया, चाचा," अँथनी म्हणाला. मी आणि रेणुका वाळूत वेड्यासारखे हसत बसलो.

ती कामासाठी मागं राहिली, मी एकटा परतलो. घरात पिशवी ठेवली आणि समुद्राचे फोटो सोडून आधी बायकोला रेणुकाच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो दाखवला. तीस वर्षांत माझ्या कामातली चूक मी तिला एकदाही सांगितली नव्हती. तिनं चष्मा लावून वाचलं: "फ्रेम में लोहे की पट्टियाँ, ड्रॉइंग के खिलाफ."

"आणि एवढ्या आनंदानं काहून दाखवून राहिले तुम्ही?"

"पुढं वाच," मी म्हणालो.

तिनं वाचलं: "बनाने वाले ने खुद बताया. इसी से पंद्रह दिन की मेहनत बची."