गुरुवारच्या घारी

टँकरने भिजवलेला मुरूम, ताजा चुना आणि भिंतीपलीकडचे कच्चे मटण, असा तिहेरी वास अजूनही कधी अचानक नाकाशी येतो आणि माझे दात एकमेकांवर घट्ट बसतात. माझे मैदान मेले त्या आठवड्याचा हा वास आहे.

मुरुडच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवते. लातूरहून रोज सकाळच्या एसटीने येते. मैदानही माझ्याकडेच आहे, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते. त्या हिवाळ्यात मुलींनी तिथे खो-खोचे मैदान स्वतः तयार केले होते. खडे वेचले, माती चाळली, लाकडी खांब काचेने घासून त्यांना गोडेतेल चोळले. त्या मातीवर अनवाणी पाऊल ठेवले की ती चाळलेल्या पिठासारखी मऊ आणि आतून गार लागे. एका सोमवारी आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही खांब उपटून भिंतीशी टाकलेले होते आणि मातीवर रोलर फिरत होता. गुरुवारी साडेदहाला कुणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते, आणि त्यांचे हेलिकॉप्टर इथे उतरणार होते.

बांधकामाचा अभियंता छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता.

“कुणाला विचारून केलंत हे?” मी म्हणाले.

“ओ मॅडम, आदेश वरून आलाय. तुमचे दोन दांडके काय, कुठंबी रोवता येतेत.”

“ते दांडके नाहीत. खांब आहेत.”

“बरं, खांब. मी माझं काम करून राहिलो, तुम्ही तुमच्या कविता शिकवा.”

त्याची माणसे हसली. आमचे मुख्याध्यापकही हसले, जरासे उशिरा. अभियंत्याला मी एक वेळ क्षमा करीन. त्या उशिरा आलेल्या हसण्याला नाही.

एक गोष्ट त्या छत्रीखालच्या माणसाला ठाऊक नव्हती, आणि मला होती. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका खालांचे, म्हणजे मुसलमान मावशींचे, मटणाचे दुकान आहे. दर गुरुवारी सकाळी, दहाच्या सुमारास, ज्यांच्या घरी कुणी आजारी असेल ती माणसे तिथे येतात. बकऱ्याच्या फुफ्फुसाचा तुकडा आजाऱ्याच्या डोक्यावरून उतरवून आणतात, आणि खाला दुकानाच्या पत्र्यावर उभ्या राहून ते तुकडे घारींना उडवतात. आजाऱ्याची पीडा घारीने उचलून न्यावी, म्हणून दिलेला हा सदका. नांदेडला लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा शेजारच्या खालांनी माझ्यावरूनही तो उतरवला होता. आई हदगावकडच्या माळकरी घरातली. तिने मान फिरवली, पण ताटली स्वतःच पुढे केली. कपाळावर पडलेला तो थंड, ओला थेंब, त्याचा लोखंडासारखा वास, आणि मग अंगणातल्या माझ्या बाजेवरून सरकत गेलेली पंखांची सावली मला आजही स्पष्ट आठवते.

मुरुडच्या घारींना वार कळतो. गुरुवारी साडेनवापासून त्या येऊ लागतात आणि साडेदहापर्यंत आमच्या मैदानावरचे आकाश त्यांच्या घिरट्यांनी दळले जात असते.

चाचणीसाठी हेलिकॉप्टर बुधवारी आले. बुधवारचे आकाश रिकामे होते. आधी छातीच्या पिंजऱ्यात धडधड जाणवली, मग ती कानांना ऐकू आली, आणि मग उत्तरेच्या पांढुरक्या धुरळ्यात दोन दिवे दिसले. ते एकाआड एक लागत-विझत होते. उजवा, डावा, उजवा, डावा. भर उन्हात. यंत्र कुठेच दिसत नव्हते आणि ते दिवे मात्र कोसभरावरून डोळ्यांत टोचत होते. श्रीमंतांचा दिवासुद्धा स्वस्थ जळत नाही, असे माझ्या मनात आले.

वैमानिक उतरला. पिकलेल्या केसांचा, कमी बोलणारा माणूस. चहा घेताना त्याने पहिला प्रश्न विचारला, “पक्षी किती असतात इथे?”

“पक्षी? चिमणीसुदिक न्हाई, साहेब,” अभियंता म्हणाला.

वैमानिकाने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नव्हते. मी बशी न्यायला पुढे झाले आणि कुचकटपणे विचारले, “दिवसाढवळ्या दिवे कशाला लागतात तुम्हाला?”

तो रागावला नाही. म्हणाला, “पक्ष्यांसाठी, मॅडम. दिवा नुसता लागलेला असला तर पक्ष्याला तो जागच्या जागीच वाटतो. दोन दिवे आळीपाळीने लुकलुकले, की काहीतरी अंगावर येतंय हे त्याला लवकर कळतं आणि तो बाजूला होतो. दुसऱ्या विमानांनाही आम्ही लांबून दिसतो.”

“नेहमी होतो बाजूला?”

“नेहमी नाही. म्हणून तर माणसांना विचारावं लागतं.” आणि मग सरळ माझ्याकडे पाहून, “तुम्ही रोज असता इथे. पक्षी असतात?”

माझ्या जिभेवर गुरुवार होता. भिंतीशी पडलेले खांब मला दिसत होते. त्यांच्या तेलकट अंगावर चुना उडाला होता.

“ही शाळा आहे,” मी म्हणाले. “इथे मुली असतात.”

तो कप बशीत ठेवून निघून गेला.

गुरुवारी सकाळी नऊलाच मी खालांच्या दुकानात गेले. एवढी लाज माझ्यात शिल्लक होती.

“खाला, आजचा सदका साडेअकराला कराल का?”

“काइकू?” त्या सुरी धुता धुता म्हणाल्या. “मेरी बच्ची का आज लातूर में आपरेशन है. उसकू दस बजे अंदर लेतैं. साडेग्यारा कू उतारके मैं क्या करूं?”

“हेलिकॉप्टर उतरणार आहे.”

“तो उसकू बोलो, जरा ठैरके आना. आसमान उसके बाप का है क्या?”

मला हसू आले. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

परत मैदानावर आले तेव्हा अभियंता चार पावलांवर उभा होता, बिनतारी संच घेतलेला पोलीस त्याच्या शेजारी. सांगितले असते, तर त्यांनी खालांच्या दुकानाला कुलूप लावले असते, हे खरे. पुढे ज्या ज्या कुणाला ही हकिकत सांगितली, त्यांना मी हेच कारण दिले. पण खरे कारण ते नव्हते. या लोकांना एकदा वरून आमचे मैदान पाहताना घाम फुटावा, असे मला वाटत होते. मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपाशी पाहुण्यांच्या स्वागताला लेझीम घेऊन माझ्याच मुली उभ्या केल्या होत्या, त्यांच्याकडे मी पाहत होते आणि पाहत नव्हते.

दहाला पत्र्यावर खालांचा हात उठला. घारींची शीळ चिरत खाली आली. साठ असतील, सत्तर असतील. साडेदहाला छातीत धडधड सुरू झाली आणि उत्तरेला ते दोन दिवे लागले. उजवा, डावा, उजवा, डावा. ते मोठे होत गेले. घारी वर्तुळातच होत्या. आता ओरडले असते तरी लेझमीत कुणाला ऐकू गेले नसते.

मग वर्तुळाची एक कड हलली. दिव्यांकडच्या घारी आधी कलल्या, त्यांच्या मागे इतर, आणि सगळा थवा जुने लुगडे फाटावे तसा मधोमध टरकून दोन्ही बाजूंना सांडला. एक राहिली. तिच्या पायांत तुकडा होता, आणि ती मान खाली घालून उडता उडताच तो खात होती. तिने दिवे पाहिलेच नाहीत. हेलिकॉप्टरचे नाक एकदम वर उचलले गेले, ते एका अंगावर कलले आणि लेझमीच्या रांगेवरून, मुलींच्या वेण्या विस्कटत, गरगरून पलीकडे गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

“बघा मॅडम!” अभियंता ओरडला. “साहेबांनी गावाला चक्कर मारली!”

दुसऱ्या खेपेला ते चुन्याच्या खुणेवर उतरले. हार झाले, फटाके झाले, गाड्यांचा ताफा धूळ उडवत गेला. मी खांबांपाशी उभी होते, कारण दुसरीकडे कुठे उभे राहावे ते कळत नव्हते. पाती थांबल्यावर वैमानिक खाली आला. अभियंत्याकडे त्याने पाहिले नाही. ओल्या मुरमावर बूट रुतवत तो थेट माझ्याकडे आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि तो चष्मा पुसत होता.

घारी पत्र्यावर परतल्या होत्या. त्याने चष्मा लावला, त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाला,

“मुली?”