पंचवीस दिव्यांची कांब

विजेचा भार दिव्यांच्या संख्येवर मोजू नये, एवढे ज्यांना कळत नव्हते त्यांच्या हाती एका प्रामाणिक माणसाची नोकरी होती. याचा राग मला आजही आहे.

परभणीत निजामाची राजवट असतानाची ही हकीकत. ज्या जिनिंग कारखान्यात मी वायरमन होतो, त्याचा स्वतःचा डायनॅमो होता. तेलाच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेला, एकशे दहा व्होल्टचा. त्यावर साठ दिवे जळत. डायनॅमो सांभाळणारे गृहस्थ जवळच्या झरी गावचे. वयाने वडील, म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत.

हिवाळ्यात बायका पहाटेच्या अंधारात कामावर येत आणि फिरत्या रुळांत कापूस घालीत. त्या हंगामात रोज पहाटे ठरावीक वेळी दिवे मंदावत, मग फ्यूज वितळे आणि सारा हॉल काळोखात बुडे.

"काय ओ वायरमन, तुमचे दिवे अजून झोपायलेत का?" एक बाई ओरडे.

"त्यान्ला गोधडी द्या गं," दुसरी म्हणे. "आमी हितं अंदाजानं बोटं वाचवायलोत."

व्यवस्थापकांनी चौकशी केलीच नाही. पट्टा ढिला राहतो, मामा निष्काळजी आहेत, त्यांना काढून टाकावे, असे त्यांनी परस्पर ठरवले.

"पट्टा ढिला न्हाई," मामा मला म्हणाले. "रोज माज्या हातानं ताणतो. ह्या वयात मला दुसरीकडं कोण ठेवणार, वायरमन?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डायनॅमोच्या फळ्यासमोर, म्हणजे काटे आणि फ्यूज बसवलेल्या पाटीसमोर, उभा राहिलो. साठ दिव्यांवर अँपिअरचा काटा बाविसावर होता. फ्यूज पंचविसाचा. एकाएकी काटा एकतिसावर गेला आणि थोड्याच वेळात फ्यूज गेला. नऊ अँपिअर कोणीतरी अचानक ओढले होते. व्यवस्थापकांच्या बंगल्यावर आंघोळीचे पाणी तापवण्याची विजेची कांब होती. ती हैदराबादहून आणलेली होती आणि तिची याच डायनॅमोवर जोडणी मीच करून दिली होती. जोडताना मी हिशेब केला नाही. हा दोष माझा.

मी विज्ञान उर्दूतून शिकलो. रोधाला आमच्या पुस्तकात मुजाहमत म्हणत. त्याच भाषेत मी कागदावर गणित मांडले. एकशे दहा व्होल्टला नऊ अँपिअरने भागले, की कांबेचा रोध बारा ओहमांहून किंचित जास्त येतो. एकशे दहाला नवाने गुणले, की शक्ती नऊशे नव्वद वॅट. आमचा एकेक दिवा चाळीस वॅटचा, त्याचा रोध तीनशे ओहमांच्या वर. म्हणजे ती एकटी कांब सुमारे पंचवीस दिव्यांइतकी वीज खात होती.

कागद घेऊन मी मालकांकडे गेलो. व्यवस्थापक तिथेच होते.

"कांब एकच आहे," ते म्हणाले, "आणि तिचा उजेडसुद्धा पडत नाही. साठ दिवे पेलणारा डायनॅमो एका कांबेने दमतो?"

"दिव्याच्या तारेत अडथळा मोठा, म्हणून तिच्यातून वीज थोडी वाहते," मी सांगितले. "कांबेत अडथळा लहान, म्हणून पुष्कळ वाहते."

"वा! म्हणजे ज्याचा अडथळा कमी तोच जास्त खातो म्हणायचं. मालक, ह्याला शाळेत परत पाठवा."

कारखान्याची रीतच तशी होती. वहीत दिवे मोजायचे. जे उजळत नाही ते वहीत नाही. मी मालकांना फळ्यासमोर येण्याची विनंती केली. कांब लावायला सांगितली, हॉलातले पंचवीस दिवे बंद केले. काटा पुन्हा बाविसाशी येऊन थांबला. फ्यूज टिकला. मालकांनी काट्याकडे बराच वेळ पाहिले.

"मामांचा दोष नाही," ते म्हणाले. "त्यांना राहू द्या."

मामांनी हात जोडले. मग मालक पुढे म्हणाले, "आणि उपायही सापडला. साहेबांची आंघोळ होईतो हे पंचवीस दिवे बंदच ठेवत जा."

माझे गणित त्यांना पूर्ण समजले होते. त्याचा त्यांनी असा उपयोग केला. अंधारात बायकांची बोटे जातील, असे मी बोललो, पण कोणी ऐकून घेतले नाही.

दुसऱ्या पहाटे बंगल्यावरून हाक आली आणि मामांना स्वतःच्या हाताने दिवे घालवावे लागले. पलीकडच्या जवळजवळ निम्म्या हॉलात अंधार झाला. बायकांनी हात काढून घेतले आणि त्या उठून आवारात जाऊन बसल्या. रूळ रिकामे फिरत राहिले.

व्यवस्थापक ओल्या केसांनी धावत आले. "उठा! काम कोण करणार?"

"दिवे लागू द्या, सायब, मग आमी हावच की," ती पहिली बाई म्हणाली. "तुमची आंगूळ सावकाश होऊ द्या. आमाला काय घाई न्हाई."

सलग तीन पहाटे हेच झाले. चौथ्या दिवशी कांब काढण्याचा हुकूम आला आणि बंगल्यामागच्या चुलीवर पाणी तापू लागले. ती चूल तिथे पहिल्यापासून होती. मामांपाशी कोणी दिलगिरी व्यक्त केली नाही. आपण वाचलो यातच ते समाधानी होते. मी नव्हतो, आणि आजही नाही.