मेश्राम सरांची माचिस

मेश्राम सर विडी-सिगारेट ओढत नव्हते, तरी त्यांच्या टेबलावर माचिस असे. स्क्रीनवरचं एखादं बटन सरकवायचं असलं, की ते आधी ती माचिस बोटानं टेबलावरून सरकवत. निघताना हळू, मध्ये वेगात, थांबताना पुन्हा हळू. "नजरेले कळलं पायजे, वस्तू कुठून कुठं जाऊन राहिली," म्हणायचे. मग थांबलेल्या माचिसवर बोट टेकवत. "आन् थांबल्यावर दाबून पाहायचं. दिसते तिथं ती असलीच पायजे."

प्रताप नगरातल्या आमच्या लहानशा ऑफिसात मला हा पोरखेळ वाटे. एका दवाखान्यासाठी आम्ही रुग्णवाहिका बोलावायचं ॲप करत होतो. लाल बटन वरून घसरत अंगठ्याच्या टप्प्यात यायचं. ते मी केलं, आणि झोकात केलं. सर त्या दिवशी सुट्टीवर होते. मी ते घसरणं दहादा पाहिलं, दाबून एकदाही पाहिलं नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी चूक आहे: बटनाचं चित्र खाली येतं, स्पर्श ओळखणारी जागा वरच राहते.

ॲप लोकांच्या हातात गेलं. सावनेरला सरांचे आईवडील दोघंच राहत. आईच्या फोनवर सरांनीच ते डाउनलोड करून दिलं होतं. "काही झालं त मले फोन नको करत बसू, आधी हे लाल बटन दाब," असं बजावलंही होतं. आठवड्याच्या आतच वडिलांच्या छातीत दुखू लागलं. आई बटन दाबत राहिली. शेजारी ऑटो घेऊन येईपर्यंत ते गेले होते.

वडिलांच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपून सर आले. चूक कुणाची हे त्यांना ठाऊक होतं. दुरुस्ती त्यांनी सावनेरहूनच केली होती, एका ओळीची. आईचा फोन मात्र तसाच ठेवला होता. तो माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "दाब."

मी दाबलं. काहीच झालं नाही. मला रडू फुटलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"रडून काय होते वं? आई रोज विचारून राहिली, मले दाबता नाही आलं काय. मी समजावतो, त तिले वाटते मी तिचं मन राखून राहिलो. तू चल. तिले तूच सांग."

आईला ॲप देताना त्यांनीही बटन दाबून पाहिलं नव्हतं; राजीनामा ते देऊनच आले होते. माचिस त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

सावनेरला मी त्यांच्या आईसमोर बसले. "आजी, तुमचं बोट बरोबर जागी होतं. बटन चुकलं होतं. ते मी केलं होतं."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग ते वाचले असते काय वं?"

सर दारात पाठमोरे उभे होते. ते वळले नाहीत.