चॉक्टॉ शिकणाऱ्या डेनाचा हेवा

कार्डिफमधल्या मराठी आईबाबांनो, मुलं मराठी बोलत नाहीत, हे आपलं सगळ्यांचं रडगाणं. आज मी अक्षरशः जळलो.

आमच्या वॉर्डातली नर्स डेना अमेरिकेतली, चॉक्टॉ या तिथल्या मूळनिवासी जमातीची. लहानपणी तिला जमातीची भाषा कुणी शिकवलीच नाही, म्हणून आता पंचेचाळिशीत इंटरनेटवर शिकतेय. आज लंचला ओक्लाहोमातल्या मावशीशी फोनवर अडखळत चॉक्टॉत बोलली. मावशी खो खो हसली, पण दोघींपैकी कुणीही इंग्रजीकडे वळलं नाही. मला तिच्या चुकांचासुद्धा हेवा वाटला.

"तुझी मुलगी आजीशी काय बोलते?" तिने विचारलं.

"ती इंग्रजीत बोलते, ते मी माझ्या आईला मराठीत सांगतो."

"मग तू मध्ये असताना तिला मराठी हवीच कशाला?"

या रविवारी भारतात फोन लागला, की तो मुलांच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा.