कानाचा धडा

स्कूबा डायव्हिंगच्या पुस्तकातला पहिला नियम असा, की पाण्याखाली दम धरायचा नाही. श्वास चालू ठेवायचा, काही झालं तरी रोखायचा नाही. मी तो मराठी करून मोठ्याने वाचला आणि बाबा हसले. "मग पाण्यात जातात कशाला? घरीच बसावं."

आई मात्र हसली नाही. मला जन्मभर तिने एकच सांगितलं आहे, जरा दम धर. नोकरी लागत नव्हती तेव्हा दम धर, स्थळं फिरकेनाशी झाली तेव्हाही दम धर. "बघ, पुस्तकच सांगतंय धरू नको म्हणून," मी तिला ऐकवलं. ती बोंबील निवडत होती, तिने वर बघितलंसुद्धा नाही.

आम्ही पालघरजवळच्या मुरब्याचे. आमच्या घरात होडी होती, पण मी कधी मासेमारीला गेले नाही. बायकांनी मासे सुकवायचे आणि विकायचे. समुद्र दाराशी असून तो मला टोपलीत उतरल्यावरच कळायचा. पुढे तारापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि टोपलीसुद्धा सुटली. माझी चाळिशी उलटल्यावर लॅबमधल्या दोघी मालवणला जाऊन पाण्याखाली एक फेरी मारून आल्या आणि आठवडाभर फोटो दाखवत राहिल्या, तेव्हा माझं डोकं फिरलं. या दोघींना साधी कोळंबी सोलता येत नाही, आणि समुद्राच्या गोष्टी मला सांगतात! मला फोटो नको होता, मला रीतसर शिकायचं होतं. पालघरला तरणतलावावर रविवारी शिकवणारी एक बाई सापडली. आधी लेखी परीक्षा, मग मालवणचा समुद्र, असं तिने बजावलं.

पुस्तक इंग्रजीत होतं. मराठी केल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ओटीवर बसून मी मोठ्याने वाचायची. बाबा उजवा कान पुढे करून ऐकायचे. डावा कान त्यांचा माझ्या लहानपणीच गेलेला. तरुणपणी डोलीच्या जाळ्याचा, म्हणजे तळाशी खुंट रोवून लावायच्या जाळ्याचा, दोर खुंटाला अडकला की होडीवरून बुडी मारून तो सोडवणारे तेच होते. त्यामुळे विद्यार्थी मी असले तरी मास्तरकी त्यांची चालायची.

"दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो," मी वाचलं.

"दहा मीटर म्हणजे किती वाव?"

"साडेपाच धरा."

"येवढं खाली आमी नाय जायाचो. तीन-चार वाव, बस." गढूळ पाण्यात काही दिसायचं का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काय नाय दिसत. हातानं बघायचं."

कानाचा धडा चौथा होता. खाली जाताना पाणी कानाचा पडदा आत दाबतं. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे दाब सारखा होतो. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं. जबरदस्तीने खाली गेलं तर पडदा फाटतो. फाटला की दुखणं एकदम थांबतं, गार पाणी आत शिरतं, गरगरायला होतं आणि दिशा कळत नाही. इथपर्यंत वाचून मी थांबले. आई समोरच होती. "आज एवढंच," म्हणून मी पुस्तक मिटलं.

कारण आमच्या घरात बाबांचा कान आईने घालवला, असंच सगळे मानत आले. एका संध्याकाळी त्यांचा कान ठणकत होता, आईने लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं, आणि सकाळी कान बंद. माझ्या पोराचा कान हिने भाजला, असं आजी मरेपर्यंत बोलत होती. आईने कधी उलट उत्तर दिलं नाही. त्यानंतर तिने आमच्यापैकी कुणाच्या कानात तेल घातलं नाही. जरा कान दुखला की उचलून बोईसरला डॉक्टरकडे. बाबांच्या ती कायम उजव्या बाजूला बसते, आणि एकच गोष्ट चारदा सांगावी लागली तरी चिडत नाही. माझ्यावर चिडते.

दुसऱ्या दिवशी मला दुपारची पाळी होती. आई सकाळीच टोपली घेऊन बाजाराला गेली. बाबा अंगणात जाळं विणत बसले होते. मी त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले.

"कान गेला त्या दिवशी तुमी खाली गेलेले?"

"रोजच जायाचो."

"त्या दिवशी कान दुखून मग एकदम थांबला का? गरगरलं?"

त्यांचा हात थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात हाय."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "वर कुठं, खाली कुठं, कळत नव्हतं. दोराला धरून वर आलो. कानातून जरा रगत आलं."

"म्हणजे तेलाच्या आधी."

"आधीच."

"मग बोलला का नाय?"

"खाली जाणारा मीच एक होतो. गरगरतो म्हटल्यावर होडीवर कोण इचारणार? घरी आलो, ठणकायला लागला, तिनं तेल घातलं. सकाळी माझी आय तिला बोलली, तवा मी गप राहिलो. मग राहूनच गेलं."

राहून गेलं! जसं काही विजेचं बिल भरायचं राहून गेलं. मला इतका राग आला की मी चहासुद्धा न पिता उठले. स्कूटर काढता काढता म्हटलं, "तुमी सांगा, नायतर मी सांगते." तुझी परीक्षा होऊ दे, मग सांगतो, असं ते म्हणाले. परीक्षेपर्यंतचे चार दिवस आम्ही धड बोललो नाही. संध्याकाळी मी पुस्तक मनातल्या मनात वाचत होते आणि आई दोनदा विचारून गेली, की आज आवाज का नाही.

रविवारी परीक्षा झाली. कान दुखला तर काय करायचं, हा प्रश्न आलाच, आणि त्याचं उत्तर लिहिताना माझे डोळे भरले. शिकवणारी बाई म्हणाली, घाबरू नका, सोपा पेपर आहे. पास झाले. पालघरहून पेढे घेऊन घरी पोचले, तर बाबा ओटीवर आईच्या शेजारी, तिच्याकडे न बघता बसले होते. "सांगितलं तिला सगळं," ते म्हणाले.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "पुस्तकात तसं लिवलंय?"

मी ते पान उघडून पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिला इंग्रजी येत नाही. तिथे कानाचं चित्र होतं, त्यावरून तिने बोट फिरवलं.

"तेल गरम नव्हतं गो," ती म्हणाली. "आधी माझ्या बोटावर थेंब घेऊन बघितला होता मी. कोमट होता."