तुळईने धरलेले जॅकमामा

बांधकामाच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं तुळया मोडत आलेले जॅकमामा घरी कपबशीलाही जपून हात लावत. भार देणारा जॅक तेच चालवत, म्हणून हे नाव.

त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. बायकोने जावयाचा टाय त्यांच्या गळ्यात अडकवला. "अहो, चारचौघांत जरा माणसासारखे दिसा."

तपासायची तुळई अखंड नव्हती. काँक्रीटचे आठ ठोकळे ओळीने ठेवून, आतून पोलादी केबल ओवून ती करकचून ताणली होती.

"मध्ये काही चिकटवलंय का?" एका पाहुण्यांनी विचारलं.

"छे हो! दोन तळहातांत पुस्तकांची रांग दाबून उचलतो ना, तसं."

मामांनी वरून भार वाढवला. मधला सांधा खालच्या बाजूने बोटभर फाकला.

"मोडली!" पाहुणे दाराकडे धावले.

"मोडतेय कसली! भार काढला की मिटते. मॅडम, उतरवा भार, दाखवूच ह्यांना."

प्रयोग मॅडमचा होता. त्यांनी जॅक सोडला. फट दाखवायला मामा वाकले, तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने टायचं टोक आत गेलं आणि सांधा गपकन मिटला. मामा ताठ उभे राहायला गेले आणि गाल तुळईला टेकवून थांबले.

"हाही प्रयोगाचाच भाग का?" पाहुण्यांनी अदबीने विचारलं.

"कात्री आणते," मॅडम म्हणाल्या.

"नको! जावयाचा आहे! पुन्हा भार टाका, पण बेतानं."

मॅडमनी भार चढवला. मघाशी भाराच्या ज्या आकड्याला फाकला होता, त्याच आकड्याला सांधा पुन्हा फाकला. मॅडम टाळ्याच पिटायला लागल्या. "मामा, तोच आकडा! अगदी तोच!"

"मॅडम, आनंद मागाहून! आधी माझी मान!"

टाय निघाला. चुरगळला होता, पण शाबूत होता.

दुपारी तुळई खरोखरच मोडायची होती. भार वाढत गेला, फट रुंदावत गेली, शेवटी वरचं काँक्रीट धप्पकन चिरडलं. केबल मात्र तुटली नाही. पाहुणे आता जमिनीवर आखलेल्या सुरक्षेच्या रेघेमागे उभे होते. मामांनी भार पुरता उतरवला, तुळईला हळूच थोपटलं आणि म्हणाले, "बरी वागलीस हो." मग झाडू घेऊन ते खपल्या गोळा करायला लागले.