आत्याबाईंची आणि माझी गोळी

लग्न होऊन वालूरला आले तेव्हा माझ्या पर्समध्ये पावडरच्या रिकाम्या डबीत फिटच्या गोळ्या होत्या. चौदाव्या वर्षापासून मला फिट यायची. गोळी सुरू झाल्यावर चार वर्षांत एकदाही आली नव्हती. निघताना आईनं बजावलं होतं, "सांगू नको, आन् चुकवू बी नको." सकाळची गोळी मी शिकवायला शाळेत पोचल्यावर घ्यायची, संध्याकाळची चुलीकडं तोंड करून. ह्यांनाही माहीत नव्हतं. गोळ्या परभणीहून आणायच्या, आणि ती नामांतराच्या आंदोलनाची वर्षं. बंद झाला की एसटी नाही. डबी अर्ध्यावर आली की शिकवताना माझं चित्त थाऱ्यावर नसे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या वर्षी त्यांच्या उजव्या गालात कळ येऊ लागली. तोंडाला नुसतं पाणी लागलं तरी त्या गाल धरून खाली बसायच्या. सेलूला दोन दाढा काढल्या, तरी कळ तशीच. शेवटी परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुखणं दाताचं नाही, चेहऱ्याच्या नसेचं आहे.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यासमोर पुडी उघडली. पांढरी गोल गोळी, मधोमध मोडायची रेघ. माझीच गोळी!

"अर्धी सकाळी, अर्धी रातच्याला. आठ दिसांनी दाखवायला या म्हनले," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी कित्येक महिन्यांनी भाकरी चावून खाल्ली. मग पुन्हा एक कळ आली आणि त्यांनी अर्धीची अख्खी केली. नंतर दुपारचीही एक वाढवली. मी पाहत होते. 'तुला काय ठावं?' असं विचारलं तर काय सांगू, म्हणून गप्प बसले.

रविवारी त्या न्हाणीतून भिंत धरत आल्या. पाय एकीकडं, अंग दुसरीकडं. उलटी झाली. "आगं, येकाचे दोन दिसायलेत मला," म्हणाल्या आणि डोळे मिटले. शेजारची म्हातारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाहेरचं हाय हे. करनी केली कुनीतरी." हे कुणा मांत्रिकाला बोलवायला निघाले.

मला माझी कॉलेजातली दुपार आठवली. गोळी वाढवली होती आणि फळ्यावरची प्रत्येक ओळ दोनदा दिसत होती. मी म्हणाले, "थांबा. करणी नाही. गोळी जास्त झाली आहे."

"तुला कसं कळलं?" ह्यांनी विचारलं.

मी डबी आणून ह्यांच्या हातात दिली. "मी पण हीच घेते. फिटसाठी. लग्नाच्या आधीपासून."

आत्याबाईंनी डोळे उघडले. "फेकून दे ती पुडी," त्या म्हणाल्या.

"फेकायची नाही. आता पुढची देऊ नका, आणि पुडी बरोबर घ्या. किती घेतल्या ते डॉक्टरांना खरं सांगायचं."

भाड्याच्या जीपमध्ये आत्याबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हे पुढं बसले होते. परभणी येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी आत्याबाईंना सारखी हाका मारत होते, त्या झोपू नयेत म्हणून. आधी बोलले असते तर, एवढंच मनात येत होतं.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. रागावलेही. "वाढवायची असते, पण हळूहळू आणि मला विचारून. बंदही स्वतःहून करायची नाही. अंगावर पुरळ उठलं की लगेच यायचं." पुन्हा अर्धीपासून सुरुवात झाली.

निघताना आत्याबाई म्हणाल्या, "हिला बी बघा. ही पन तीच गोळी खाती." डॉक्टरांनी मला तपासलं, गोळी एक दिवसही न चुकवण्याची ताकीद दिली. विस्तवाजवळ, पाण्याजवळ एकटीनं जाऊ नका, म्हणाले.

घरी महिनाभर हे माझ्याशी कामापुरतंच बोलले. आत्याबाईंनी एकदाच विचारलं, "तुझ्या आईनं लपवलं का तू?" मी म्हणाले, "दोघींनी." त्यांनी तो विषय परत काढला नाही, पण त्या दिवसापासून मला विहिरीवर जाऊ दिलं नाही. बायका म्हणायच्या, मास्तरीण सून, पाणी आणायची लाज वाटती. आत्याबाई काही न सांगता घागर उचलून निघायच्या, आणि मी दारात उभी राहायची.